गिटारला नेहमी लागणारी शिसम, महागनी, एबनी ही लाकडं न वापरता विदर्भातल्या गावात मिळणाऱ्या लाकडाची अकूस्टिक गिटार बनेल का?

बनेल, आणि चांगली बनेल.

पाठीला आणि बाजूंना शिवण (गंभारीचं लाकूड) घ्या. हलकी असते, वाळल्यावर फारशी वाकत नाही, म्हणून वाद्यांसाठी ती पूर्वीपासून वापरात आहे. आंबाही चालतो, हवाईत आंब्याची युकुलेली करतात. फक्त त्याला कीड लवकर लागते.

मानेला महागनीऐवजी जुना साग. वाडा पाडला की चौकटी, तुळया निघतात, आणि ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढा. साग तेलकट, त्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर सांधा सुटलाच समजा.

फिंगरबोर्डसाठी, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीसाठी, तेंदू! आपण त्याला बिडीच्या पानांपुरतं ओळखतो, पण तो एबनीच्याच डायोस्पायरॉस प्रजातीतला. जुन्या खोडाचा गाभा काळा आणि कठीण निघतो.

खरी परीक्षा वरच्या फळीची, कारण आवाज तिथेच घडतो. तिला एरवी वापरतात तो स्प्रूस (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) हलकाही असतो आणि ताठही. ती जोडी इथे सहज सापडत नाही. शिवणीचीच सरळ रेषांची, उभ्या चिरणीची (वाढीची वलयं फळीच्या पृष्ठाला काटकोनात येतील अशी चिरलेली) फळी निवडा, साधारण 3 मिमीपर्यंत उतरवा. दोन बोटांत धरून टिचकी मारा: भद्द वाजली तर ठेवून द्या, घुमली तर घ्या.

जोडकाम मे महिन्याच्या कोरड्या हवेत नको, भर पावसातही नको. खोलीत 45-50 टक्के आर्द्रता असेल तेव्हाच करा. नवा साग घेतलात तर पावती जपून ठेवा, लाकूड रीतसर घेतल्याचा तोच पुरावा.