ती आज रात्री कुठं झोपणार?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात रुजू होऊन तुला चार महिने झाले आणि तू विचारतेस, "ताई, मी नक्की कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?" डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या त्या तरुण इंजिनिअरनं बायको आणि सासुरवाडीवर आरोप करून जीव दिला, तेव्हा तुझा भाऊ जेवताना म्हणाला, कायदे सगळे बायकांचेच. पुढं मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका राजकीय घराण्यातल्या सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा तोच भाऊ म्हणाला, असल्यांना भर चौकात फटके दिले पाहिजेत. तुला दोन्ही वेळा त्याचं थोडं थोडं पटलं, आणि आता केंद्रात समोर बसलेल्या बाईला काय विचारावं ते सुचत नाही.

तू हे मोकळेपणानं लिहिलंस, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. धीर वगैरे देत बसणार नाही. या कामात तू का आलीस ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

समोर बाई बसली की पहिला प्रश्न एकच. ती आज रात्री कुठं झोपणार? त्यानं का मारलं, कधीपासून मारतो, तू उलटून काय बोललीस, लग्नात काय ठरलं होतं, हे सगळं नंतर. तुझ्या पत्रात त्या बाईचं वय आहे, शिक्षण आहे, नवऱ्याच्या दारूचा ब्रँडसुद्धा आहे. ती त्या रात्री कुठं गेली, ते नाही. मला राग आला. मग माझा स्वतःचा राग आला, कारण मीही हेच केलेलं आहे.

२००९ ची दिवाळी होती. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, कडेवर लेकरू. गावातली माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघायच्या तयारीत होती आणि नवऱ्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतली होती. तू शहरातून आलीस म्हणून सांगते. आपल्या बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीच्या कष्टावर, पैसे मोजून घेतो नवरा. बायको माहेरी राहिली तर कोयता मोडतो आणि मुकादम वसुलीला तिच्या बापाच्या दारात येऊन बसतो. तिच्या बापाची माया आटली नव्हती. त्याला ते पैसे फेडणं शक्य नव्हतं, एवढंच.

मी काय केलं? शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून घेतलं. "यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही, तिला व्यवस्थित नांदवीन." नवऱ्याची सही, तिचा अंगठा, दोन्हीकडचे साक्षीदार. अंगठ्याची शाई पुसायला मी तिला माझ्या वहीचं कोरं पान फाडून दिलं. त्या महिन्यात रजिस्टरच्या 'समेट' रकान्यात माझ्या नावावर अकरा नोंदी होत्या. वरून शाबासकी आली आणि मला ती गोड लागली.

होळीच्या सुमारास ती परत आली. त्याच खुर्चीत बसली. मी बोलायला लागले की मान वळवून उजवा कान माझ्याकडं करायची. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, रात्री. आजूबाजूला पंचवीस-तीस कोप्या होत्या. "कुणीच आलं नाही का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आले की. त्यानं तुमचा कागुद दाखवला. म्हणला, बाईंनीच धाडलीय नांदायला."

माझाच कागद. मी त्या मुलीला दिवाळीत सगळं विचारलं होतं. हुंडा, दारू, सासूचं बोलणं, पहिली मुलगी झाल्यावर कोण काय म्हणालं, सगळं. त्यानं मारलं तर ती रात्री कुणाच्या कोपीत जाईल, एवढं विचारलं नव्हतं. म्हणून तुला पुन्हा पुन्हा तेच सांगते आणि तुला कंटाळा आला तरी सांगत राहणार. आज रात्री कुठं?

आता कारणांबद्दल. दारू, गरिबी, शिक्षण नाही, मोबाइल, पोरी ऐकत नाहीत. चर्चा करणारे यातलं एक कारण उचलतात आणि घट्ट धरून बसतात. दारूमुळं घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत, दारूबंदीच्या मतदानात बाटली आडवी करायला बायकांबरोबर मीही रांगेत उभी राहिले आहे. पण पिऊन आलेला तोच माणूस मुकादमापुढं आवाज चढवत नाही, पोलीस पाटलाला हात लावत नाही. घरी येतो, कडी लावतो आणि मग मारतो. कुणाला मारायचं आणि कुठं मारायचं हे त्याला प्यायल्यावरही बरोबर कळतं. आणि न पिणारे, माळकरी, मास्तर, डॉक्टर हेही मारतात, त्यांच्या बायका फक्त उशिरा येतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, कधी ना कधी लग्न झालेल्या महाराष्ट्रातल्या साधारण दर चौघींतल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. याच सर्वेक्षणात देशभरातल्या ४५ टक्के बायकांनी काही कारणं असतील तर नवऱ्यानं मारणं योग्य ठरवलं, आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडं मदत मागितली. "नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं, तक्रार कुणाकडं करायची" हे आपल्याकडं आईच लेकीला सांगते. तेव्हा तुझ्या टेबलापर्यंत जी पोचली, ती घरच्यांची, भावकीची आणि स्वतःच्या मनाची परवानगी मोडून आली आहे. तिला तू "पण का मारलं?" असं विचारलंस, तर तिला ऐकू येतं, "तू काय केलंस?" का हा प्रश्न विचारू नको असं मी म्हणत नाही. तो अभ्यासकांनी विचारावा, तूही विचार, पण तिची रात्रीची सोय लागल्यावर.

कायद्याकडंही याच प्रश्नातून बघ, म्हणजे गोंधळ कमी होईल. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला, नारी समता मंच या बायकांच्या संघटनेनं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन केलं, देशभर सुनांच्या जळण्याविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये सासरच्या छळाला शिक्षा देणारं ४९८अ कलम आलं (जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे). ते गरजेचंच होतं. पण ते कलम उत्तर देतं ते नवऱ्याला शिक्षा होणार का, या प्रश्नाचं. बाई रात्री कुठं जाणार याचं उत्तर द्यायला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यावा लागला, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कलम १७ वाच, कलम १९ वाच. राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. कलम २३ खाली दुसऱ्या बाजूची वाट न बघता अंतरिम आदेश मागता येतो. अर्जात तो मागितलाच नाही, अशा फायली मी ढिगानं पाहिल्या. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. माझ्या डोळ्यांदेखत साठ दिवसांत एकही अर्ज निकाली निघाला नाही, म्हणून अंतरिम आदेशावर जीव टाकायचा.

सासरे येऊन सांगतील, घर माझं, मुलाचा संबंध नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासूच्या मालकीच्या घराबाबत सुनेविरुद्ध निकाल दिला आणि पुढची चौदा वर्षं प्रत्येक वकील तो कागद तोंडावर फेकत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो अर्थ चुकीचा ठरवला. त्या निकालाची प्रत टेबलाच्या खणात ठेव. मी ठेवायचे.

आणि तुझ्या भावाचा खोट्या केसेसचा प्रश्न. तो उडवून लावू नकोस. पुण्याला नोकरी करणारी नणंद, अंथरुणावरची आजेसासू, यांची नावं फिर्यादीत घुसडलेली मी स्वतः वाचली आहेत. लिहून देणारा सांगतो, नावं वाढवा म्हणजे लवकर नमतील. अशा सरसकट गोवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्येच खडसावलंय, आणि ऊठसूट अटक करण्यावर तर २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून बंधनं आहेत. तू एकही नाव जास्तीचं घालू देऊ नकोस. खोट्या नावानं निरपराध माणूस पोळतो, हे पहिलं. शिवाय नावं वाढली की तारखा वाढतात आणि बाईची रात्र तिथंच राहते. पण कायद्याचा गैरवापर होतो की नाही या वादात तू ज्या दिवशी टेबलावर बसून बाजू घेशील, त्या दिवशी समोरच्या बाईकडं संशयानं बघायला लागशील. बाजू विचारतेस ना? जिला किंवा ज्याला आज त्या घरात झोपायची भीती वाटते, त्याची बाजू. मुलाचा मार खाणारी सासू आली तर तिची. तीही २००५ च्याच कायद्यानं दाद मागू शकते. म्हातारा बाप आला तर त्याच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रश्न तोच विचारायचा.

मला तालुक्यात घर मोडणारी बाई म्हणत. तुझ्याही कानावर आलं असेल. होळीनंतर मी हमीपत्रं लिहून घेणं बंद केलं, समेटाचे आकडे खाली आले, बैठकीत जाब विचारला गेला. मी रजिस्टरात स्वतःच्या हातानं एक रकाना आखला, 'रात्रीची सोय'. नमुन्यात तो नव्हता. दोनदा समज मिळाली, तिसऱ्यांदा मी राजीनामा दिला. लोक म्हणतात, हट्टीपणा केला, थोडं नमतं घेतलं असतं तर आणखी दहा वर्षं काम झालं असतं. असेलही. पण माझ्याकडून परत नांदायला गेलेल्या बायका कमी नाहीत, कितीतरी जणींचे संसार आज नीट चाललेत. त्या स्वतः ठरवून गेल्या, मारलं तर कुठं जायचं हे पक्कं करून गेल्या. मी घर मोडलं म्हणणाऱ्यांनी यातल्या एकीला तरी विचारावं. हे मी तुला का सांगत बसले? बहुतेक अजून कुणाला तरी पटवायचं राहिलंय.

एकदा एका बाईला मी रात्री माझ्याच घरी नेलं. नवरा माणसं घेऊन आला, खिडकीची काच फुटली, माझी आई आठवडाभर झोपली नाही. तू असं करू नकोस, तुझं आणि तिचं दोघींचंही त्यात भलं नाही. (त्या रात्री दुसरा रस्ता नव्हता आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, पण तू करू नकोस.) जिल्ह्याच्या सखी केंद्रात, म्हणजे पीडित बायकांसाठीच्या सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये, पाच दिवस राहता येतं. तिकडं जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही. बोलण्यात गाडी चुकली की सगळं मुसळ केरात. पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ तिच्याकडून पाठ करून घे, कागदावर देऊ नकोस, कागद घरी सापडतो. घरून काढून आणायच्या वस्तू सांग: आधार, रेशनकार्ड, लेकरांचे दाखले, औषधं. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना आणि नोंद, मग बाकीचं.

आणि बुधवारी केंद्र बंद ठेवतेस असं कळलं. तुझी रिपोर्टिंगची अडचण मला समजते, पण बुधवारी बाजार असतो. भाजीची पिशवी हातात असली की बाईला कुणी कुठं चाललीस म्हणून विचारत नाही. बंद ठेवायचं तर सोमवारी ठेव.

कानाचा पडदा फाटलेल्या त्या मुलीबद्दल तू विचारशीलच, ती पुढं कुठं गेली. पहिले दोन महिने मावशीकडं होती, मग आदेश मिळाला, मग ती त्याच गावात स्वतंत्र खोली करून राहिली. आता चाळिशीला आलीय आणि गावातल्या बायकांना घेऊन केंद्रावर येते. येत्या बुधवारीही एकीला आणणार आहे, मला फोन आला होता. ती डावीकडून बोललेलं ऐकत नाही आणि पुन्हा सांगा असंही म्हणत नाही. तिच्या उजव्या बाजूला खुर्ची घे.

तुझी,
ताई