शिडाची होडी मालकाच्या प्रतिष्ठेला साजेशी असावी का?

पणजीत तुमचा धंदा बरा चाललाय, मनात एक वीसेक फुटांची जुनी शिडाची होडी भरली आहे, पण भागीदार आणि सासरची मंडळी म्हणतात की घ्यायचीच तर तुमच्या नावाला शोभेल अशी मोठी घ्या. हाच ना प्रश्न? तीच जुनी घ्या. अगदी मनापासून सांगतो.

मी दोनापावलाला राहतो आणि शीड ओढण्यात माझे बहुतेक रविवार जातात. होडीची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जातं. वीस फुटीचं शीड एकटा माणूस हाताने चढवतो. चाळीस फुटीला विंच, म्हणजे दोर ताणायचं फिरतं यंत्र लागतं, दोन-तीन जाणती माणसं लागतात, आणि ती माणसं तुमच्याच सुट्टीच्या दिवशी मोकळी असावी लागतात. ती मिळत नाहीत, मग होडी नांगरावर पडून राहते.

आणि आपल्याकडे पडून राहिलेल्या होडीचे फार हाल होतात. पावसाळ्याआधी वर काढलेली एक देखणी, महागडी याट मी पाहिली. तळाचा रंग दिसतच नव्हता, सुकाणूवर चिकटलेल्या समुद्री जीवांच्या धारदार कवचांचा एवढा थर, की हात फिरवला तर कापेल. शिडाच्या आवरणाचे टाके उन्हाने इतके कुजले होते की बोटाने ओढले तरी तुटत. मालक भला माणूस, पण होडी पाहुण्यांना काठावरून दाखवण्यापलीकडे तिचा वापर झालाच नव्हता. मला खरंच वाईट वाटलं.

खोल कणा, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं पातं असलेल्या मोठ्या होडीला आपल्या नद्यांत गाळही नडतो. उचलता येणारा कणा असलेली छोटी होडी भरतीला मांडवीतल्या चोडण, दिवाडी बेटांच्या बाजूला खुशाल फिरते.

नावाचंच म्हणाल तर सुहैली आठवा. आपल्या मुंबईत बांधलेली, जेमतेम 32 फुटांची सागवानी होडी. 1968 च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत 9 जण उतरले. ती पूर्ण केली फक्त ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, याच होडीवर, 22 एप्रिल 1969 ला. आणि दिवाडीवर बांधलेली शिडाची होडी म्हादेई? 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने जग फिरून आले, असं करणारे पहिले भारतीय. किती समुद्र कापला यावरून या होड्यांना मान मिळाला, मालक कोण याची चौकशी कुणी करत नाही.

मोठी होडी घेणं चूक नाही. घरची माणसं शिकलेली असतील, महिनामहिना बाहेर राहायचं असेल, तर जरूर घ्या. पण लोकांसाठी नको.

जुनी घेताना डेकवर सगळीकडे पाय दाबून चाला. कुठे मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलंय असं समजा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांची टोकं बोटांनी चाचपा, एक धागाही तुटलेला असला तर तारा बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करा. पाण्यावरची चाचणी दुपारनंतर घ्या, वायव्येचा वारा भरल्यावर. भागीदारांना मात्र पहिल्यांदा सकाळी न्या, तेव्हा पाणी शांत असतं, आणि सुकाणू थोडा वेळ त्यांच्या हातात द्या.