बेसचे पत्र हाती येईपर्यंत फ्लॅट नको

बेळगावकडील खानापूर तालुक्यातील एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचा प्रश्न असा आहे : मुलाची एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून निवड झाली असून मुलाखतीत त्याने बेंगळूर हा बेस, म्हणजे नेमणुकीचे शहर, मागितला आहे. निवृत्तीचे 18 लाख रुपये क्रेडिट सोसायटीत ठेव म्हणून आहेत. त्यांतून बेंगळूरच्या येलहंका बाजूला 72 लाखांचा फ्लॅट आताच घ्यावा का? बिल्डर महिनाअखेर 10 लाख मागतो आहे. मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे 40 लाख फेडायचे आहेत आणि राहते घर त्यासाठी तारण आहे.

आदरणीय सर, हा फ्लॅट आपण आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाखतीत "बेस कुठला हवा?" असे विचारतात, तेव्हा उमेदवार कुठेही जायला तयार आहे की नाही, हेच बहुधा जोखले जात असते. चिरंजीवांनी बेंगळूर सांगितले आणि पॅनेलवरच्या कॅप्टननी मान डोलावली, एवढ्यावर 72 लाखांचा व्यवहार उभा राहत नाही. आपण पाठवलेल्या निवडपत्रातच "कंपनीच्या गरजेनुसार भारतात कोठेही" असे लिहिले आहे. नव्या वैमानिकाला बेस मिळतो तो त्या वेळी कुठल्या शहरात किती विमाने आणि किती माणसे कमी आहेत यावर. पुढे बदली मागता येते, पण तिथेही ज्येष्ठतेची रांग असते. दिल्ली किंवा कोलकाता मिळाले, तर येलहंक्याच्या फ्लॅटचा भाडेकरू आपल्याला खानापुरात बसून सांभाळावा लागेल.

आता हिशेब पाहू. 72 लाखांच्या फ्लॅटवर बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 57.60 लाख देईल. आपले 14.40 लाख आणि 5 टक्के मुद्रांक शुल्काचे 3.60 लाख मिळून बरोबर 18 लाख होतात; अधिभार, उपकर आणि नोंदणी फी भरायला एक रुपयाही उरत नाही. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता सुमारे 50 हजार पडेल, आणि शैक्षणिक कर्जाचा, साडेदहा टक्के व 15 वर्षे धरून, सुमारे 44 हजार. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) आधीच झालेले असले, तरी रुजू झाल्यावर वर्ग, सिम्युलेटर आणि मग प्रशिक्षक कॅप्टनसोबतची उड्डाणे असा टप्पा असतो. पूर्ण पगार आणि उड्डाणभत्ता बहुतेक ठिकाणी त्यानंतर सुरू होतो, तोवर विद्यावेतनावर भागवायचे असते. त्या काळात 94 हजारांचे हप्ते आपल्या पेन्शनवर येतील.

बिल्डरची मागणी तर मला मुळीच पटत नाही. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे येथे 7.20 लाखांहून जास्त नाही.

फ्लॅटपेक्षा मला आपल्या ठेवीची काळजी अधिक वाटते. बेळगाव भागात पिग्मीपासून (रोजच्या छोट्या बचतीपासून) मुदतठेवीपर्यंत सारे सोसायटीत ठेवण्याची रीत आहे, आणि दारात येणारा एजंट ओळखीचा असला की कागद कोणी वाचत नाही. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत जे विमासंरक्षण असते, ते क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला नसते. मुदत संपेल तशी रक्कम बँकेत न्यावी. त्यांतील साडेपाच लाख, म्हणजे शैक्षणिक कर्जाचे वर्षभराचे हप्ते, वेगळे ठेवावेत. चिरंजीवांचे प्रशिक्षण पूर्ण होऊन नियमित पगार सुरू झाला की 8 लाख कर्जात भरावेत. कर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, आणि पहिल्याच वर्षी सुमारे 84 हजारांचे व्याज वाचते. उरलेल्या रकमेला हात लावू नये. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, म्हणून कोणती प्रणाली निवडायची हे चिरंजीवांनी पहिल्या पगाराआधी तपासावे.

वैमानिकाची वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने होतच राहते, आणि तीत अपात्र ठरला की उड्डाण थांबते, हप्ता थांबत नाही. घर तारण असल्यामुळे 40 लाखांचा मुदतविमा आणि परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा, दोन्ही हवेत. दुसरा कंपनीकडून मिळतो का, हे रुजू होतानाच विचारावे.

बेंगळूर मिळालेच, तर पहिले वर्ष विमानतळाजवळ दोघातिघा सहकाऱ्यांसोबत भाड्याने राहावे. उड्डाणासाठी पहाटे तीनला न्यायला येणारी गाडी तिथेही येते, आणि आपण बेळगावहून रात्री रेल्वेत बसलात की सकाळी त्यांच्याकडे पोहोचता.