क्रूझवर पूलशेजारचं म्युझिक
तुमची पहिलीच कॅरिबियन क्रूझ आहे आणि आईबाबाही सोबत आहेत म्हणून सांगतो, जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी मेन पूलपाशी डीजे दुपारभर जोरात चालू असतो, काहींना तेच हवं असतं आणि काहींना पुस्तकाचं पानही पुढे सरकवता येत नाही. स्टीलपॅन मात्र चुकवू नका, त्रिनिदादचं वाद्य आहे, तेलाच्या पिंपांपासून बनलेलं, मला फार आवडतं. शांतता हवी असेल तर फक्त मोठ्यांसाठीचा वेगळा भाग असतो, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर सोलॅरियम (१६ वर्षांपासून पुढे), कार्निवल कंपनीच्या जहाजांवर सेरेनिटी, तिथे २१ पूर्ण लागतात, वेगळे पैसे नाहीत. बंदराच्या दिवशी सगळे उतरले की मेन पूलही निवांत. आणि बुकिंग करताना डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) बघाच हं, पूल डेकच्या बरोब्बर खालची केबिन आईबाबांसाठी नको.