खडीच्या वाटेवर रोज १०० किलोमीटर सायकल चालवणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की डांबरी रस्त्यावर दिवसाला १०० किलोमीटर आरामात होतात, मग चार दिवसांत ४०० किलोमीटरची खडीची वाट पुरी होईल का? पहिल्या दिवशी १०० होतील. दुसऱ्या दिवशीही रेटून न्याल. मला काळजी तिसऱ्या दिवसाची वाटते. रोजचे ६०-७० धरा आणि सहा-सात दिवस हाताशी ठेवा.

वाट सपाट म्हणजे सोपी, असं मीही धरून चाललो होतो. अशा बऱ्याच वाटा जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या असतात. अमेरिकेतला सुमारे ३८५ किलोमीटरचा केटी ट्रेल किंवा न्यूझीलंडमधला १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल, दोन्ही तसेच. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून चढ सौम्य. पण मग तसा उतारही मिळत नाही. घाटात उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं. इथे तासन्‌तास पेडल मारत एकाच जागी बसून राहावं लागतं. त्यामुळे दुखायला लागायच्या आधीपासूनच दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ उभ्याने पेडल मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायरमधली हवा. डांबरी रस्त्याच्या सवयीने आपण टायर दगडासारखा टणक भरतो. खडीवर तो प्रत्येक खड्यावरून उडतो आणि तो धक्का थेट तळहातात येतो. ४० मिलिमीटरच्या आसपासचा रुंद टायर घ्या आणि हवा कमी ठेवा. माझ्या वजनाला, सामानासकट, ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बरोबर बसली. मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. फार कमी केलीत तर मात्र दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. योग्य हवा आवाजावरूनही कळते. टणक टायरखालून खडे टणाटण उडतात, बरोबर भरलेल्या टायरखाली नुसती करकर ऐकू येते.

हे मला उशिरा उमगलं. पहिल्या प्रवासात तिसऱ्या संध्याकाळी मला शर्टाचं बटण लावता येईना. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर झाली होती. तळव्याच्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते, त्यात दिवसभराची थरथर. बोटं पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. म्हणून मुठी सैल ठेवा, कोपर किंचित वाकलेले असू द्या, पकड सारखी बदलत राहा.

वळणावर पुढचा ब्रेक दाबू नका, वेग आधीच कमी करा. कॅरिअरचे स्क्रू रोज संध्याकाळी तपासा, थरथरीने ते खरोखर सुटतात. पाऊस झाला तर बारीक चुरा ओला होऊन चाकांना धरतो. त्या दिवशी अंतराचा हट्ट सोडा.

तारखा पक्क्या करण्याआधी एक चाचणी जरूर करा. पूर्ण सामान लादून लागोपाठ दोन दिवस कच्च्या रस्त्यावर जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना आणि हँडल धरताना काय वाटतं, त्यावरून रोजचं अंतर ठरवा.