वडिलांचं प्रोस्टेट वाढलंय. टीयूआरपी करावी की लेझर?

वडील ७२ वर्षांचे, ग्रंथी ९० ग्रॅमची, स्टेंटमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आणि दोन डॉक्टरांची दोन मतं, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. फोंड्याला राहतो, आणि दीड वर्षापूर्वी माझ्या बाबांच्या बाबतीत आम्हीही असेच गोंधळलो होतो.

आधी एक लक्षात घ्या, नुसतं ‘लेझर’ म्हणून काही कळत नाही. एका लेझरने ग्रंथी जाळून वाफ करतात, त्यात बायोप्सीला तुकडा उरत नाही. होलेप या दुसऱ्या लेझर पद्धतीत करवंटी ठेवून खोबरं सोडवावं तसा आतला वाढलेला भाग अख्खा सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक करून बाहेर काढतात. टीयूआरपीत तोच भाग विजेच्या तारेने थोडाथोडा खरवडतात. साधारण ८० ग्रॅमपर्यंत टीयूआरपी उत्तम, अनेक वर्षांच्या अनुभवाची. त्याहून मोठ्या ग्रंथीला होलेप किंवा पोट उघडून ऑपरेशन. होलेपमध्ये रक्त कमी जातं, म्हणून तुमच्या वडिलांसाठी मी आधी त्याचीच चौकशी करीन. पण हात बसलेला सर्जन हवा. हे ऑपरेशन शिकायला वेळ लागतो. ‘तुम्ही स्वतः किती केलीत?’ हे बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलायला लावा.

बाबांचं होलेप झालं. रात्रभर मी लघवीच्या नळीकडे, म्हणजे कॅथेटरकडे, बघत बसलो होतो. आधी लाल, मग कोकम सरबतासारखं, पहाटे फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी कॅथेटर निघाला. पुढे महिनाभर खोकला आला की थेंब गळायचे, त्याची कल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती. ते बिचारे लग्नाला यायलाही तयार नव्हते. हळूहळू थांबलं.

दोन्ही ऑपरेशनांनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. लाजू नका, वडिलांना हे आधीच सांगा, शरीर त्यांचं आहे. हे टाळणाऱ्या स्टीम किंवा क्लिपच्या पद्धती आहेत, पण ९० ग्रॅमला त्या सहसा बसत नाहीत.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, युरॉलॉजीचं मत घ्याच. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर कुठली पद्धत त्यात बसते ते तारीख ठरवण्याआधी विचारा. जाताना सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि स्टेंटचे कागद एकाच फाईलमध्ये न्या.