रक्तातला आकडा आणि बाबांची बोटं

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६१ वर्षांचे आहेत, शिंपीकाम करतात. सोळा दिवसांपूर्वी पहाटे त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. गुठळी अडकून मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याचं एमआरआयमध्ये निघालं. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी तपासलं तेव्हा हात खांद्यातून थोडा बाजूला सरकत होता आणि बोटं जेमतेम उघडत होती. आता बाबांना घरी आणलंय. 'न्यूरोफिलामेंट' नावाची रक्ततपासणी केली की माणूस किती सुधारेल ते कळतं, असं भावाने वाचलंय. तपासणी महाग आहे. करावी का? बाबा पुन्हा मशीनवर बसतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नका करू. ते पैसे फिजिओथेरपीसाठी ठेवा.

तुमच्या भावाने वाचलंय ते खोटं नाही. मज्जातंतूच्या लांब धाग्याला आतून आधार देणारं हे प्रथिन आहे. धागा तुटला की त्याचे कण मेंदूभोवतीच्या पाण्यात आणि तिथून रक्तात उतरतात. पक्षाघाताचा झटका आलेल्या शेकडो रुग्णांचं रक्त तपासलं, तर ज्यांच्यात हे प्रथिन जास्त ते तीन महिन्यांनी सरासरीने मागे राहिलेले दिसतात. पण हा हिशोब शेकडो जणांचा झाला, तुमचे बाबा एकटे आहेत.

बाबांच्याच कामातलं सांगते. दुकानात खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा केले तर किती उसवलंय याचा अंदाज येईल, पण बाही उसवली की खिसा, ते कळणार नाही. मेंदूतही तसंच. हाताकडे जाणारे सगळे तंतू खोलवर एका चिंचोळ्या जागी दाटीने जातात. तिथे वाटाण्याएवढी जखम झाली तरी हात लुळा पडतो, आणि दुसरीकडे लिंबाएवढी जखम होऊनही बोटं शाबूत राहतात. रक्तातल्या आकड्याला जागा कळत नाही. शिवाय हा आकडा झटक्यानंतर दोन-तीन आठवडे चढत राहतो आणि उतरायला महिने लागतात. वाढतं वय, मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाने खराब झालेल्या पायाच्या नसा, यांनीही तो वाढतो. आज रिपोर्ट आणलात तर तो वाचून मी तुमच्या बाबांचं एकही औषध बदलणार नाही.

मी बोटं बघते. रुग्णाचा हात उशीवर पालथा ठेवून म्हणते, "बोटं सरळ करा." बोटं हललेली दिसली नाहीत तरी तळहाताच्या मागे बोटांना ओढणारे स्नायूंचे दोर ताणले जातात का, ते बोट ठेवून पाहते. याला पैसे पडत नाहीत. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना बोटं थोडी सरळ करता येत होती आणि हात खांद्यातून बाजूला नेता येत होता, त्यांच्यापैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता दिसली. दोन्ही जमत नसलेल्यांत ती २५ टक्के होती. म्हणजे ज्या तपासणीच्या शोधात तुम्ही आहात, ती त्या मॅडमनी तिसऱ्याच दिवशी केलीय, आणि तिचं उत्तर चांगलं आहे.

अर्थात 'काही ना काही' हे शब्द नीट वाचा. पेला धरणं वेगळं आणि कात्रीने सदऱ्याचा गळा कापणं वेगळं. कात्रीला प्रत्येक बोट सुटं चालावं लागतं. ते सगळ्यात उशिरा येतं, आणि त्याबद्दल आज मी शब्द देणार नाही. मशीनचं उजवीकडचं चाक हाताने फिरवणं मात्र त्याच्या आधी जमू शकतं.

रक्त तपासायचंच तर साधं तपासा : साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल. धमनीत चरबी साचून झटका आला असेल तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे बघायला होल्टर नावाचं ठोके नोंदवणारं यंत्र लावलं होतं का, ते डॉक्टरांना विचारा. दुसरा झटका टाळायला याचाच उपयोग होतो.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. चहा पिताना बाबांना ठसका लागतो का? घोट घेतल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का? तसं असेल तर पातळ काही देणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेल्या न्यूमोनियाने, चांगली बोटं हलत असलेले रुग्ण महिनाभर मागे गेलेले मी पाहिलेत.

घरात सगळे मायेने बाबांचं सगळं करत असाल. उजव्या हाताचं काम त्या हातालाच करू द्या, वेळ लागला तरी. मांडीवर कापडाचा तुकडा देऊन उजव्या तळहाताने सुरकुत्या काढायला सांगा. मग मोठी बटणं डबीतून वाटीत टाकायला. मग खडू धरून रेघ मारायला. दिवसातून चार-पाच वेळा, थकवा येईपर्यंत नाही. बोलणं अडत असलं तरी प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तराची वाट बघा. बोलणं हातापेक्षा जास्त महिने सुधारत राहतं.

खडूने मारलेल्या रेघांचा कागद रोज तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या तपासणीला येताना ते कागद डॉक्टरांना दाखवा.